साडेनवाची यष्टी

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता ते पाठ झालंय. सून म्हणते, "आई, ऊन लागलं का? सरबत देऊ?" ऊन नाही लागत गं बाई, वास लागतो. आमच्या येडगावाच्या अंगाला मार्चात द्राक्षं उतरायला लागली की बागेखाली गळालेले मणी आंबतात, त्यात गंधकाच्या भुकटीचा वास मिसळतो, आणि क्रेटात अंथरायच्या जुन्या वर्तमानपत्रांचा. पुण्याहून येणारे पाहुणे गाडीची काच खाली करून हुंगतात, म्हणतात, "काय सुगंध आहे हो!" मला मात्र कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटते. कुणाच्या, ते वीसेक वर्षं मी नीट सांगितलेलं नाही. आज सांगते.

त्यात दहावीची परीक्षा याच दिवसांत. रस्त्यानं पोरी चालतात, हातात पारदर्शक पाकीट, त्यात हॉल तिकीट, दोन पेनं, पट्टी. केसांना चापूनचोपून तेल. ओठ हलत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं जप चाललाय. जवळ गेलं की ऐकू येतं, वर्तुळाचं क्षेत्रफळ. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असते, आणि त्या फाट्याकडं वळेपर्यंत माझा हात ताटातच थांबतो. एखादी मागं राहिली की मी उगाच ओरडते, "पळ की गं, काय पाय मोजतीस!" पोरी हसतात. म्हातारी तापट आहे, एवढंच त्यांना माहीत.

यंदा भर पडली ती एका फोनची.

मी किशोरांसाठी कादंबऱ्या लिहिते. अशी ओळख करून दिली की लोक आधी माझ्या लुगड्याकडं बघतात आणि मग विचारतात, "शिक्षण?" चौथी. चौथीचा निकाल आणायलासुद्धा मी गेले नाही, कारण माहेरी, अवसरी खुर्दला, त्या दिवशी कांदे काढायचे होते. पुढचं सगळं शिक्षण वस्तीवरच्या विहारातल्या लाकडी कपाटातलं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या वडलांकडं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ती माझ्या गळ्यात बांधली. "तू वाच आन् मला सांग," म्हणाले. वाचायचं आणि सांगायचं, ही सवय तिथली. वडील गेले, किल्ली कुठं गेली ठाऊक नाही, सवय राहिली.

तर फोन. नवी कादंबरी पुण्याला प्रकाशकाकडं दिली होती. बागेत काम करणारी दहावीची पोर, तिचा पेपर बुडतो, अशी गोष्ट. तिथले संपादक तिशीतले असतील, फार गोड बोलतात. बोलणं गोड असलं की मी सावध होते.

"मॅडम, लिखाण अप्रतिम आहे. फक्त शेवट जरा... मुलगी पेपरला पोचतच नाही."

"नाही पोचत."

"पण किशोरवाचक खचतात हो अशानं. मी एक सुचवू? तो दुधाचा टेम्पो तुम्ही अकरा वाजता आणलाय. तो अर्धा तास अलीकडं आणू या. बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही. मुलगी धापा टाकत गेटवर येते, शिपाई हसतो, आत सोडतो. किती छान!"

"आणखी काय?"

"आणि ते पाळीचं पान काढू. शाळा घेत नाहीत मग पुस्तक."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. सुनेनं सरबत आणून ठेवलं, ते तसंच राहिलं, त्यात मुंगी पडली.

अर्धा तास अलीकडं! अहो, तो टेम्पो मी वीस वर्षं रोज अर्धा तास अलीकडं आणतेय. भाकरी थापताना आणते, अंगणात सडा टाकताना आणते. कधीकधी इतका अलीकडं आणते की पोर पेपरला सगळ्यांच्या आधी पोचते आणि व्हरांड्यात बसून उजळणी करते. मग तवा जळल्याचा वास येतो आणि टेम्पो परत अकरालाच येतो. जे मला कधी जमलं नाही ते हा बाबा फोनवर दोन मिनिटांत करून मोकळा.

त्या वर्षी मी बायकांच्या टोळीत होते. टोळी माझीच म्हणा, कोण कुठल्या ओळीत लागायचं ते मी ठरवायची. द्राक्षाच्या मांडवाखाली काम म्हणजे दिवसभर हात वर आणि मान वर. थंडीत विरळणी असते. घडात दाटीनं आलेले मणी बारीक कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. मार्चात तोडणी. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागता कामा नये, वरची पांढरी लव पुसली की माल परत येतो. मांडवाखालचा उजेड हिरवा असतो, विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखा. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, नुसते हात आणि बांगड्या. अशा ठिकाणी माणूस बोलणार नाही तर काय करणार?

तर मी गोष्ट सांगायला लागले. डिसेंबरात सुरू केली ती मार्चापर्यंत चालली. चिमी नावाची पोर येडगावच्या धरणापासून निघते आणि कुकडीच्या काठाकाठानं उलटी चालत जाते, नदी कुठून येते ते बघायला. जुन्नर ओलांडते, माणिकडोहाच्या बाजूनं वर, पार घाटमाथ्यापर्यंत. सकाळी बागेत सांगायची, दुपारी घरी येऊन पोरांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायची. माझी पहिली कादंबरी ही अशी झाली. लोक विचारतात प्रेरणा कुठून घेता. काय सांगू? मान दुखायची त्यातून घेतली.

आणि खाडाखोड पोरींनी केली. त्यातही सवितानं.

सविता दहावीला होती. तिची आई आमच्या टोळीतली. तिचा हात मोडला म्हणून तिच्या जागी ही यायची, शाळेच्या आधी तीन तास. सडपातळ, नाकावर कायम घाम, जिभेला हाड नाही. गोष्ट ऐकायची ती पोलिसानं जबानी ऐकावी तशी.

"आक्का, चिमी आठ दिस चालतीय. डोकं कधी धुतलं तिनं?"

"नदी आहे की गं शेजारी."

"बरं. आन् पाळी?"

मग फुलाबाई, आमच्यातली सगळ्यात थोरली, म्हणाली, "आगं काय ही पोर! गोष्टीतल्या पोरींना नसतं तसलं काय."

"का नसतं? सोन्याच्या असत्यात का? आक्का, तिला कापड कोन देतं, ती धुती कुठं, वाळत कुठं घालती, ते सांग. न्हाईतर मला ती चिमी खरी वाटत नाय."

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी चिमीला पाळी आली, जुन्नरच्या अलीकडं, आणि नदीवर धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं तिला आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला. मांडवाखाली कुणी हसलं नाही. कात्र्या थांबल्या होत्या. त्या दिवशी मला कळलं की तेरा-पंधरा वर्षांच्या पोरींसाठी लिहायचं म्हणजे काय लिहायचं. तेच पान संपादकांनी तेव्हाही कापलं होतं, वेगळ्या संपादकांनी. आता नव्या कादंबरीत परत घातलं, तर हे कापायला निघालेत. वीस वर्षांत पाळीचं पान काही शाळेत शिरलं नाही, आणि शाळेत तर निम्म्या पोरीच बसलेल्या असतात! राग येणार नाही तर काय होणार?

बागेत घड्याळ कुणाच्या हातात नव्हतं. घड्याळ-अंगठी काही घालून यायचं नाही, मण्याला लागतं. आमचं घड्याळ म्हणजे साडेनवाची यष्टी. बागेच्या कडेनं रस्ता जातो, तिथं वळण आहे. थांबा नव्हता, पण ड्रायव्हर वळणावर तीनदा हॉर्न द्यायचा आणि गाडी हळू करायचा. पळत आलं तर घ्यायचा. जुन्नरला जायला दुपारपर्यंत तेवढी एकच गाडी. परीक्षेचं केंद्र जुन्नरला. पेपर अकराला. सविता सहाला यायची, पहिला हॉर्न झाला की कात्री माझ्या ओटीत टाकायची, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत टांगलेलं दप्तर घ्यायची आणि शेताच्या बांधावरून अशी पळायची की मागं धूळ राहायची. मराठी दिला, इंग्रजी दिला, बीजगणित दिला. सोपं होतं म्हणाली.

भूमितीच्या दिवशी मालक सकाळीच मांडवाखाली आले. हातात चहाचा कप. त्या बागेत आमच्या वस्तीवरच्या बायांना चहा मिळायचा तो मोटारीच्या खोलीतल्या पेल्यांत. ते पेले वेगळे, खुंटीला टांगलेले, घरात न जाणारे. त्या दिवशीचा कप घरातला होता. निळी फुलं, खाली बशी. मालकांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिला.

"आक्का, आज कंटेनर उभा आहे. साडेअकराच्या आत माल गेला पाहिजे. तुमच्या गोष्टीनं हात कसे भराभरा चालतात, मी बघतो ना रोज. आज शेवट सांगून टाका. पण जरा रंगवून, काय? पोरी हलल्या नाय पाहिजेत."

मी त्या कपाला भुलले. चांगली पन्नाशीला टेकलेली बाई, आणि निळ्या फुलांच्या कपाला भुलले. त्या माणसाचा मला राग आहे, अजून आहे, पण त्यानं मला धाक घातला नव्हता. त्यानं माझं कौतुक केलं होतं.

आता ऐका. चिमीच्या गोष्टीचा शेवट मला आधीपासून ठाऊक होता. मी एकदा उगमाकडं गेले होते, असाच मार्च होता. एवढी नदी, दोन-दोन धरणं भरणारी, आणि तिथं करंगळीएवढं पाणी. दगड नुसता ओला. चिमी तिथं पोचते, ओल्या दगडाला गाल लावते आणि म्हणते, "एवढीशी होतीस होय गं?" संपलं. सांगायला पाच मिनिटं लागली असती. नवाच्या सुमारास सांगून झाली असती आणि सविता कपडे झटकून गाडीची वाट बघत उभी राहिली असती.

पण मालकांना अडीच तास हवे होते. म्हणून मी बिबट्या आणला.

गोष्टीत कुठंच नव्हता तो. आमच्याकडं उसात बिबट्या असतोच, त्याची भीती पोरींच्या अंगातच असते, काही वेगळं सांगावं लागत नाही. चिमी उगमाच्या अलीकडं, समोर बिबट्या, मागं कडा. मी तो बिबट्या बसवला, उठवला, गुरगुरवला, झाडावर चढवला, उतरवला. पोरींचे श्वास अडकलेले. हात यंत्रासारखे चाललेले. क्रेटांवर क्रेट भरत होते. आणि हॉर्न वाजला.

एक. दोन. तीन.

मी ऐकला. नीट ऐकला. पहिल्या हॉर्नला माझं वाक्य अर्धं होतं, आणि मला वाटलं, एवढं वाक्य पुरं करू. दुसऱ्याला मी आवाज चढवला. हे कुणाला कधी सांगितलं नाही. हॉर्न ऐकू येऊ नये म्हणून नव्हे हो, असं काही मनात ठरवलं नव्हतं. गोष्ट रंगात होती, सगळ्या माझ्या मुठीत होत्या, आणि ती मूठ मला सोडवेना. बिबट्यानं झेप घेतली तेव्हा यष्टी वळणावरून गेली.

बिबट्या कड्यावरून पडला, चिमी वाचली, फुलाबाईनं टाळ्या वाजवल्या. मग सवितानं विचारलं, "आक्का, गाडी गेली का?" तिच्या हातात घड होता. तो तिनं क्रेटात अलगद ठेवला, देठ वर करून, शिकवला होता तसा. आणि पळाली.

मीही पळाले. रस्ता मोकळा, ऊन चढलेलं. मालकांची जीप बागेच्या तोंडाशी उभी होती. मी म्हटलं, "मालक, पोरीला सोडा, भूमितीचा पेपर आहे." ते म्हणाले, "आक्का, जीप मालाला लागणार. आधी का नाय सांगितलं?" आधी का नाही सांगितलं! रस्त्यावर दीड तास एक वाहन थांबेना. अकराला दुधाचा टेम्पो आला. कॅनांच्या मधे आम्ही दोघी उभ्या. सविताचे सगळ्या वाटेवर नुसते ओठ हलत होते, प्रमेयं म्हणत होती. जुन्नरला गेटवर पोचलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं घड्याळ दाखवलं आणि मान खाली घातली.

एका पेपरला गैरहजर, म्हणजे नापास. ऑक्टोबरात बसता आलं असतं. पण तिच्या बापानं म्हटलं, नापासच झालीय तर थांबायचं कशाला, आणि वैशाखात पोर उजवली. सोळा वर्षांची. मांडव घातला, बॅण्ड लावला, गाव जेवलं. मीही जेवले. दोनदा बुंदी घेतली. कुणी काही बोललं नाही, आणि गोष्टी सांगणारी बाई तर मुळीच बोलली नाही.

पुढं ते पुस्तक निघालं. बिबट्यासकट. मी तो काढला नाही, कारण प्रकाशकाला तोच भाग सगळ्यात आवडला. आता जिल्हाभरातल्या शाळांत मला बोलावतात, पोरं ओरडतात, "बिबट्याची आजी आली!" आणि मी हसते. हसून घरी येते आणि भांडी आदळते. कार्यक्रमांत लोक मला सांगतात किशोर साहित्य कसं असावं. हलकंफुलकं असावं. संस्कार करणारं असावं. आशेचा किरण असावा. यांतल्या एकानं तरी पंधरा वर्षांच्या पोरीशेजारी तीन महिने हात वर करून उभं राहून बघावं. ती किरण मागत नाही, ती विचारते, कापड वाळत कुठं घातलं.

तर या मार्चात, फोन आपटल्यावर तिसऱ्या दिवशी, मी हस्तलिखित पिशवीत घातलं आणि सविताकडं गेले. ती आता पस्तिशी ओलांडलेली, चौदा बायांची टोळी चालवते, शिट्टी वाजवून बायकांना जेवायला सोडते. तिची पोर पूर्वा यंदा दहावीला. मला वाटलं, हिला शेवट वाचून दाखवावा. ही म्हणेल, आक्का, असाच होता, बदलू नको. मग त्या संपादकाला मी बघून घेते.

ओसरीवर बसून मी वाचलं. माझ्या कादंबरीत मालक होता, राक्षसासारखा, मिशा-बिशा दिल्या होत्या मी त्याला. त्यानं पोरीला दटावून थांबवून घेतलं होतं. जीप होती, टेम्पो होता, गेट होतं. सविता शेंगा फोडत ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. संपादक म्हणतो टेम्पो अलीकडं आणा. मी म्हटलं, मुळीच नाही."

"टेम्पोचं ऱ्हाऊ दे. यात तू कुठंयस?"

मी हातातली पानं उगाच सारखी केली.

"त्या दिवशी मला कुनी दटावलं व्हतं का, आक्का? मी आपल्या पायानं उभी व्हते. गोष्ट ऐकत. ती गोष्ट कुठं गेली?"

मग मी सांगितलं. ओसरीवर, भर दुपारी, पूर्वा आत उजळणी करत असताना. कप सांगितला, हॉर्न सांगितला, आवाज चढवला ते सांगितलं. वाटलं, आता ही उठून मला हाकलेल.

सविता शेंगा फोडत राहिली. "म्हाईतीय मला," ती म्हणाली. "हॉर्न मीबी ऐकला व्हता."

"काय?"

"तिन्ही ऐकले. म्हटलं, आता शेवट हाय, एवढा ऐकून पळू. मला वाटलं, ज्या पायी तीन महिने मान मोडली ते कळंल. आन् तू काय सांगितलंस? बिबट्या!" तिनं हातातली टरफलं फेकली. "लई पानचट शेवट व्हता तो, आक्का. मला तिथंच कळलं, ही ताणतीय. उगमाची गोष्ट, त्यात बिबट्या कुठनं आला? पेपर बुडाला, लगीन झालं, जे व्हायचं ते झालं. त्याचं मी माज्या बापाशी भांडले, नवऱ्याशी भांडले. पन तुज्यावर राग हाय तो बिबट्याचा. माजा पेपर घेतलास ना? मग त्याच्या बदल्यात शेवट तरी खरा द्यायचास!"

आतून पूर्वाचा आवाज आला, "आई, हळू की गं! समरूपता चालू हाय माझी."

"तू कर तुझी समरूपता!" सविता ओरडली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "काय व्हतं गं तिथं? उगमाशी?"

मी सांगितलं. करंगळीएवढं पाणी. ओला दगड. एवढीशी होतीस होय गं.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सवितानं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. मग म्हणाली, "हे सांगितलं असतंस तर गाडी गावली असती."

"हो."

"आता तरी लिव्ह की मग. जसं झालं तसं. तुझ्यासकट."

चहा तिनं दिला नाही. मला तो मागायचा धीर झाला नाही.

मी पंधरा दिवस लिहीत होते. मालकाच्या मिशा काढल्या. कप घातला. सगळ्यात अवघड गेलं ते माझं वाक्य, हॉर्नच्या वेळचं. किती वेळा लिहिलं आणि किती वेळा त्यात मी स्वतःला थोडी सवलत देऊन टाकली, ते वहीला माहीत. लिहून झालं तेव्हा दहावीचे पेपर चालू झाले होते. सविताचा निरोप आला: टोळी त्याच वळणावरच्या बागेत लागलीय, सकाळी येऊन वाचून दाखव, आमच्या तोंडावर वाच, मग छाप.

गेले. तीच बाग, मालकांचा मुलगा बघतो आता. पेले नाहीत, कागदी कप सगळ्यांना. मांडवाखाली तोच हिरवा उजेड. चौदा जणींचे हात वर, बांगड्या, कात्र्या. पूर्वा आईची भाकरी द्यायला आली होती, पाकीट हातात, नाकावर घाम, अगदी आईसारखा. भूमितीचाच पेपर. ती खांबाला टेकून उभी राहिली.

मी वाचायला लागले. मान वर करून काम करणाऱ्यांना कळत नाही कोण रडतंय, तेवढं बरं असतं. मी कपापाशी आले, बिबट्यापाशी आले. ज्या वाक्यात कथेतली बाई हॉर्न ऐकते, त्या वाक्याच्या मध्यावर होते, आणि वळणावर यष्टीनं हॉर्न दिला.

एक.

मी थांबले. तोंड मिटलं, वही मिटली.

पूर्वा तिथंच उभी. "आजी, एवढं वाक्य तर पुरं कर की!"

"नाही."

"अगं दोन शब्द असतील!"

"पळ," मी म्हटलं, आणि मला कळलं की मी ओरडले होते. कात्र्या थांबल्या. सविता मांडवाखालून वाकून बाहेर आली, हातात घड, आणि पोरीच्या पाठीत तिनं कोपरानं ढोसलं. "पळ म्हनती ना ती! पळ!"

दुसरा हॉर्न झाला तेव्हा पोर बांधावर होती. तिसऱ्याला गाडीच्या दारात. मी बघत राहिले. सवितानं घड क्रेटात ठेवला, देठ वर करून.

"ऱ्हायलेलं वाक्य सांग आता," फुलाबाईची सून म्हणाली.

मी नाही सांगितलं. घरी येऊनही लिहिलं नाही. जिथं थांबले होते तिथंच, त्याच शब्दावर, कादंबरी सोडली आणि पुण्याला पाठवून दिली.

काल संपादकांचा फोन आला. आवाज काळजीत. "मॅडम, वाचलं. टेम्पोचं आपण नंतर बोलू. पण शेवटचं वाक्य मध्येच तुटलंय. एखादं पान पाठवायचं राहिलं का?"

"पान नाही राहिलं," मी म्हटलं. "यष्टी आली."